आबांचा घरजावई

आमच्या बावड्यात कुणाच्याही दारात मांडव पडला की पहिला पाहुणा धोंडीआबा. पत्रिका मिळालेली नसली तरी ते यायचेच. चहा मागायचे नाहीत, बसायला टाकलेल्या सतरंजीकडे ढुंकून बघायचे नाहीत. मांडवाला एक चक्कर मारायची, प्रत्येक मेखेला पायाने ढोसायचं, ताणलेला दोर बोटाने छेडून त्याचा आवाज ऐकायचा आणि मग आचाऱ्यापासून नवरीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "ह्यो मांडव घातलाय कुणी? त्याला म्हणावं, तू घातला न्हाय, नुसता टांगलाय."

मांडववाले त्यांना बघितलं की तोंड कडू करायचे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातल्या मांडववाल्याने तर त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. पण तोवर आबांनी बायकांच्या बाजूच्या सगळ्या मेखा उपटून आपल्या पद्धतीने पुन्हा ठोकल्या होत्या. दुपारी अक्षता पडल्या आणि वावटळ उठली. वरपक्षाच्या बाजूचं कापड दोऱ्यांसकट उडालं आणि शेजारच्या केळीत जाऊन पडलं. बायकांची बाजू जागची हलली नाही. मग काय, नवरदेवाचे मामा, काका, फेटेवाले, बॅण्डवाले, सगळे बायकांच्या मांडवात येऊन दाटीवाटीने जेवले. वरमाय माझ्या आजीच्या मांडीला मांडी लावून बसली. आबा हातात बुंदीचं ताट घेऊन त्या गर्दीतून एखाद्या आमदाराच्या थाटात हिंडत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, "मेख सरळ मारली की फसली. तिची मान मागं पायजे. दोर पुढं वढतोय, तर तिनं मागं रेलून बसावं, खाटंवर म्हातारं बसतंय तसं."

नम्रपणा हा प्रकार त्यांच्या अंगाला कधी शिवला नाही. त्यांच्यासारखा मेखवाला पुणे जिल्ह्यात दुसरा नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं आणि ते मत ते रोज नव्याने मांडायचे. मला कधीकधी त्यांचा भयंकर राग यायचा. पण राग धरून बसावं तर समोर ते बुटकं, रुंद अंग, पांढरी पैरण, कमरेला गुंडाळलेला दोर आणि पुढचा एक दात पडलेलं ते हसू. मग राग कुठल्या कुठे जायचा.

त्यांना एक खोड होती. कुठेही बसण्याआधी ते जमिनीवर टाच आपटायचे. दोनदा आपटायचे, कान द्यायचे आणि मग बसायचे. आमच्या ओसरीवर शहाबादी फरशी होती, तरी आपटायचे. माझी आई म्हणायची, "आबा, खाली भुयार न्हाय." ते म्हणायचे, "वैनी, खाली काय हाय ते ठावं नसताना वर बसू न्हाय." लोणी भापकरची माती कशी, कोऱ्हाळ्याची कशी, आमच्या नीरेकाठची काळी किती खोल, मुरूम कुठे लागतो, हे त्यांना टाचेनेच कळायचं म्हणे. खरं खोटं त्यांची टाच जाणे.

हे सगळं आलं तंबूतून. तरुणपणी आबा एका फिरत्या सिनेमाच्या तंबूवर होते. जत्रा आली की तंबू उभा करायचा, जत्रा उठली की पाडायचा. तंबूमास्तर म्हणायचे त्यांना. लोणी भापकरच्या जत्रेत वादळ आलं, पडद्यावर नायिका रडत होती, बाहेर मिठाईची दुकानं उडत होती आणि आतल्या लोकांना पत्ताच नव्हता, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की त्यातलं वादळ दर वर्षी मोठं होताना मला दिसलं. पुढे घरोघर टीव्ही आले, व्हिडिओ आले, तंबू कायमचा गुंडाळला गेला. मालकाने जाताना काय पाहिजे ते माग म्हटल्यावर आबांनी मेखा मागितल्या. बैलगाडीभर मेखा घेऊन ते घरी आले, तेव्हा त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला होता.

त्याच मेखांवर त्यांनी दुसरा धंदा उभा केला. घरावर वाकलेलं झाड उतरवायचं, तारांवर आलेली फांदी दोराने धरून खाली सोडायची, विहिरीत पडलेली मोटर वर काढायची. झाडावर चढायला दुसरे असायचे. आबा जमिनीवर. त्यांचं म्हणणं, झाड वरचा माणूस पाडतो असं लोकांना वाटतं, पण ते कुठं पडायचं हे मेख ठरवते. जुन्या मेखा कमी पडल्या तेव्हा ते स्वतः बनवायला लागले. बैलगाडीचा मोडका कणा, भंगारातला ट्रॅक्टरचा ॲक्सल, जे मिळेल ते लोहाराकडून टोकदार करून आणायचे. आणि प्रत्येक तऱ्हेला नाव.

नावं सगळी नात्यातली. एकामागे एक तीन मेखा ठोकायच्या, पुढचीचं डोकं मागचीच्या पायाला बांधायचं, म्हणजे पुढची हलली तर मागची तिला आवरते. या रांगेला ते सोयरीक म्हणायचे. "एकट्याच्यानं वढ सोसत न्हाय. मागनं सोयरं पायजेत." आणि सगळ्यात भक्कम प्रकार म्हणजे घरजावई. जमिनीत कमरेएवढा चर खणायचा, त्यात बाभळीचा ओंडका आडवा ठेवायचा, त्याच्या पोटाला तारेचा दोर बांधून तिरक्या खाचेतून वर काढायचा आणि चर ठोकून ठोकून बुजवायचा. मग बाहेरून किती ओढा, तो येत नाही. घरजावई का, तर आबा म्हणायचे, "एकदा घरात घातला की बैल लावलं तरी बाहेर निघत न्हाय."

यावर सगळं गाव हसायचं, कारण आबांच्या घरात खराखुरा घरजावई होता. त्यांना एकच मुलगी, सुमन. तिला लांब द्यायची नाही म्हणून त्यांनी लोणी भापकरकडचा विलास घरी आणला. तो बारामतीला एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करायचा. केस हिरोसारखे मागे वळवलेले, तोंडात सतत गाणं. सासऱ्याची थट्टा तो हसून घ्यायचा आणि वेळ आली की परतही करायचा. पण आबा त्याला नावाने हाक मारत नसत. आमच्याकडे जावयाला पाव्हणं म्हणतात, ते मानाचंच. पण लग्न होऊन एवढी वर्षं झाली, सुमनची लेकरं शाळेत जायला लागली, तरी "पाव्हणं, सरका जरा", "पाव्हणं, शेळीला पाला टाका." पाहुणा तो पाहुणाच. सुमनला ते लागायचं, तिने मला तसं सांगितलंही होतं.

एकदा विलासने दुकानातून एक वस्तू करून आणली. तव्याच्या नांगराचा फुटका तवा कापून, तापवून, गिरमिटासारखा पिळला होता आणि लांब लोखंडी दांड्याच्या टोकाला जोडला होता. वरच्या टोकाला मोठी कडी. ही जमिनीत फिरवत न्यायची, खणायची गरज नाही, असं त्याने सांगितलं. आबांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "बोरिंगचं खेळणं हाय. पोरांना द्या." पोरांना काही दिली नाही. शेळीच्या गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली आणि सुमन तिच्या कडीला बादल्या अडकवायला लागली.

आता पिंपळाचं सांगते, कारण त्याशिवाय आबांचं काही सांगितलं असं होणार नाही.

आबांच्या वस्तीत बुद्धविहाराशेजारी एक पिंपळ आहे. तो आबांच्या आईने लावलेला. गावच्या ज्या विहिरीत तिला कधी घागर बुडवू दिली नव्हती, त्या विहिरीच्या दगडी भिंतीत हे रोप उगवलं होतं. दीक्षा घेतली त्या वर्षी ती म्हातारी पदर खोचून विहिरीत उतरली, कुणाला न विचारता, आणि रोप मुळांसकट काढून डालड्याच्या डब्यात घेऊन आली. विहार नंतर बांधला, पिंपळ आधी. आबा एरवी कशाचंही तिखटमीठ लावून सांगायचे, पण ही गोष्ट त्यांनी कधी वाढवली नाही.

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात वळवाच्या वादळाने तो पिंपळ कलला. एका बाजूची मुळं मातीसकट वर आली, खोड विहाराकडे झुकलं आणि एक मोठी फांदी विहाराच्या छपराच्या कडेला टेकली. अजून एक वादळ आलं असतं तर झाड आणि विहार दोन्ही गेलं असतं. वस्तीतल्या जाणत्यांनी बैठक घेतली. झाड काढायचं ठरलं. इंदापूरचा लाकडाचा व्यापारी रविवारी दुपारी करवत आणि ट्रक घेऊन येणार होता.

आबा बैठकीत उभे राहिले. "झाड पडल्यालं न्हाय," ते म्हणाले. "कललंय. निम्मी मुळं अजून जमिनीत हायत. मी उभं करतो."

"आबा, एवढं धूड उभं करायचं म्हंजे खेळ हाय व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"आईनं लावल्यालं हाय. ते आडवं बघून मी जेवू कसा? रविवारी व्यापारी यायच्या आत उभं न्हाय झालं, तर पयली करवत मीच लावतो. मग तर झालं?"

तसं सगळ्यांसमोर बोलल्यावर आता मागे फिरणं नव्हतं. लोक म्हणाले, ट्रॅक्टर लावू. आबांनी साफ नाही म्हटलं. "ट्रॅक्टर हिसका देतोय. हिसक्यानं राहिल्याली मुळं बी तुटतील. त्याला दमानं, आर्जवं करत उठवाय पायजे." विलासने दुकानातून चेनकप्पी आणायचं कबूल केलं. साखळी हाताने ओढत राहायची, झाड हळूहळू येतं. पण चेनकप्पीलाही दुसऱ्या टोकाला धरून ठेवणारं काहीतरी हवं. झाड विहाराकडे झुकलेलं, म्हणजे ओढायचं उलट्या बाजूला, आणि त्या बाजूला आमचं वांग्याचं रान. तिथेच घरजावई पुरायचा होता.

माझे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, त्यांनी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. वांग्याचे दोन वाफे स्वतःच्या हाताने उपटले. मी तेव्हा इंदापूरला नोकरीला होते, शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी आले तर रानात जत्रा भरलेली. झाडाचा भार हलका करायला फांद्या छाटून झाल्या होत्या. खोडाला बारदानं गुंडाळली होती. चर खणणाऱ्यांवर आबा ओरडत होते, "झाडाकडची भिंत कोरी ठेवा! तिला कुदळ लागता कामा न्हाय. घरजावई त्या भिंतीवर तर रेलणार हाय!" संध्याकाळच्या आत ओंडका पुरला, माती ठोकली, आबांनी वर उभं राहून टाच आपटली आणि समाधानाने मान हलवली. त्याच्या मागे, खात्री म्हणून, तीन मेखांची सोयरीकही ठोकून त्याच दोराला जोडली.

सगळे घरी गेले. अण्णा मात्र रानातच होते. अण्णांचं आयुष्य पिकाला पाणी देण्यात गेलेलं. खड्डा बुजवला की त्यात पाणी सोडायचं, म्हणजे माती बसते, हे त्यांच्या हातात भिनलेलं. डाळिंबाचं रोप असो की कुंपणाचा खांब. त्यांनी पाटाचं दार मोडलं, पाणी चराकडे वळवलं आणि मोठ्या मायेने घरजावयाला पोटभर पाणी पाजलं. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

रविवारी सकाळी अख्खी वस्ती आणि निम्मं गाव गोळा झालं. वरची माती उन्हाने सुकून पांढरी पडली होती, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आबांनी सगळ्यात आधी दोराच्या रेषेतून माणसं हटवली. सरपंचांनाही हटवलं. "ह्या दातानं मला शिकवलंय," पडलेल्या दाताच्या जागी बोट लावून ते म्हणाले. "मेख सुटून आली की तिला सरपंच कळत न्हाय." मग त्यांनी हात वर केला. "घ्या!"

साखळी खडखडायला लागली. तारेचा दोर जमिनीवरून उठला, ताठ झाला. झाड कण्हलं. खरंच कण्हलं. मग हळूच, अगदी हळूच, ती मोठी फांदी विहाराच्या छपरावरून सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत झाड निम्मं वर आलं. आणि तेवढ्यात आमच्या रानातली जमीन फुगली.

आबा धावले. हातातली काठी त्यांनी मातीत खुपसली, ती शिऱ्यात चमचा जावा तशी आत गेली. "थांबा!" ते किंचाळले. "पाणी कुणी दिलं हितं?"

"म्या," अण्णा अभिमानाने पुढे आले. "माती बसाय नगं का?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. "अण्णा," ते म्हणाले, "जावयाला पाणी इचारायचं असतंय. त्यात बुडवायचं नसतंय!"

लोक हसले. आबा हसले नाहीत. ओंडका चिखलातून इंचाइंचाने सरकत होता आणि झाडाचा सगळा भार मागच्या सोयरिकीवर येत होता. तीन मेखा करकरत होत्या. पुढचीने मान पुढे टाकली होती. दुसरी चळत होती. त्या गेल्या असत्या तर झाड परत विहारावर गेलं असतं, आणि या वेळी टेकलं नसतं, कोसळलं असतं. रस्त्यावर व्यापाऱ्याचा ट्रक येऊन थांबला. आबांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. त्यांना काही सुचत नव्हतं.

विलास कधी पळाला ते कुणाला कळलं नाही. आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ते बोरिंगचं खेळणं होतं, मागून सुमन बादली हातात घेऊन धावत होती. तो बांधाच्या पलीकडे गेला, जिथे पाणी पोचलं नव्हतं. कडीतून पहार घातली, दोन्हीकडे माणसं लावली आणि ती गुऱ्हाळाच्या चरकाला जुंपल्यासारखी गोल फिरायला लागली. लोखंड जमिनीत शिरायला लागलं. पण तिरकं, आणि उलट्या बाजूला तिरकं. दांड्याचं डोकं झाडाकडे कललेलं.

"मान मागं!" आबा इकडून ओरडले. "पाव्हणं, मान मागं घ्या तिची!"

"न्हाय आबा!" विलास तिकडून ओरडला. "हिची मान पुढंच पायजे! वढ जिकडं, दांडा तिकडंच! ही मेख न्हाय, मळसूत्र हाय!"

"मंगळसूत्र?"

"मळसूत्र, आबा! स्क्रू!"

मेखेच्या बाबतीत आबांना आजवर कुणी उलट बोललं नव्हतं, आणि बोलला तोही जावई, गावासमोर. आबा विलासकडे बघत राहिले. मग सोयरिकीकडे बघितलं. मग झाडाकडे. आणि त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटला नव्हता तो शब्द म्हटला.

"बरं."

कडी जमिनीला टेकेपर्यंत मळसूत्र आत गेलं. जादा दोर जोडला, ओढ तिकडे घेतली. विलासने चेनकप्पीची साखळी हातात घेतली, आबांनी जाऊन त्या कडीवर हात ठेवला. साखळी पुन्हा खडखडली. दोर ताठ झाला. कडी हलली नाही. अजून ताठ झाला. हलली नाही. आबांनी हात काढला, उभे राहिले आणि सगळ्या बावड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "विलाऽऽस! वढ रं माझ्या राजा! वढ!"

विलासच्या हातातली साखळी क्षणभर थांबली. सुमनने पदर तोंडाला लावला. मग तो जो ओढायला लागला! त्याच्या मदतीला दोघे आले, चौघे आले, आणि शेवटी घामाघूम होऊन साखळी ओढणाऱ्यांत व्यापारीसुद्धा होता. करवत ट्रकमध्येच राहिली. पिंपळ उठत गेला आणि एका क्षणी सरळ उभा राहिला. छाटलेला, बोडका, पण उभा. बायका रडत होत्या, पोरं नाचत होती. मीही रडत होते, आणि त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

आबा खोडापाशी गेले. त्यावर दोन थापा मारल्या, म्हशीच्या पाठीवर मारतात तशा. आणि तिथेच मातीत मटकन बसले. टाच न आपटता.

मुळांवर माती लोटून झाली तेव्हा त्यांनी अण्णांना हाक मारली. अण्णा मघापासून चोरासारखे कडेला उभे होते. "अण्णा, आता सोडा पाणी!" आबा म्हणाले. "आता किती बी पाजा!" अण्णा पळत दार मोडायला गेले.

दोन पावसाळे गेल्यावर आबांनी पिंपळाचे दोर काढले. झाडाने नवी पालवी धरली होती, मुळं घट्ट झाली होती. सोयरीक उपटली, बाभळीचा ओंडकाही काढला. मळसूत्र मात्र तसंच ठेवलं. अण्णा म्हणाले, बांधाला नांगर अडतो, काढा ते. आबा म्हणाले, "घरजावई हाय त्यो. घरजावयाला कुणी बाहेर काढतंय व्हय?" अण्णांनी मुकाट्याने नांगर वळवून घेतला.

माझ्या लग्नाचा मांडव आबांनी आणि विलासने मिळून घातला. दोघांचं प्रत्येक मेखेवरून भांडण झालं. इतका भक्कम मांडव इंदापूर तालुक्यात त्याआधी पडला नसेल. आणि त्या दिवशी झाडाचं पान हललं नाही. आबा दिवसभर आभाळाकडे बघून वाऱ्याला शिव्या घालत होते.

निघताना मी नवऱ्याला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेले. ते पिंपळाखाली बसले होते. त्यांनी आशीर्वाद दिला आणि लगेच माझ्या नवऱ्याला बांधावर नेलं. "पाव्हणं, ही कडी वढा बघू." नवरा शहरातला, नवा सूट घातलेला. त्याने आधी एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी, मग पाय रोवून. तोंड लाल झालं, कडी जागची हलली नाही. आबा पडक्या दाताने हसत होते.

"कमाल आहे," नवरा हात झटकत म्हणाला. "बसवली कुणी?"

मला वाटलं, आता लोणी भापकरच्या वादळापासून सुरुवात होणार. गाडीला उशीर होणार. पण आबांनी विहाराकडे बघितलं. तिथे विलास मांडवाचे दोर गुंडाळत होता, तोंडात गाणं होतं.

"माझ्या पोरानं," आबा म्हणाले.